एम.एड. करावे की टेटची वाट पाहावी?

प्रश्न : मी काटोलची, वय २६. गणितात एम.एस्सी. आणि त्यानंतर बी.एड. करून तीन वर्षांपासून नागपुरातील एका खासगी शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते आहे. टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर उत्तीर्ण आहे. यंदा एम.एड.ची सीईटी दिली, गुण बरे आहेत आणि विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात प्रवेश मिळेल असे दिसते. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आहेत. ते म्हणतात, ‘एम.एड. करून कोणाचे भले झाले? हातची नोकरी सोडू नको, भरतीच्या टेट परीक्षेचा अभ्यास कर.’ एका सहकारी शिक्षिकेने एक महाविद्यालय सुचवले आहे. तिथे हजेरीचा आग्रह नसतो, परीक्षेपुरते गेले की झाले. मला शिकायचे आहे, पण कशासाठी, हे घरी नीट सांगता येत नाही. मागे सहावीत एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश हे उदाहरण दिले, तर निम्म्याहून अधिक मुलांनी दोन पंचमांश असे उत्तर लिहिले. पुन्हा रीत शिकवली, सगळ्यांना जमली, आणि पुढच्या घटक चाचणीत पुन्हा तेच दोन पंचमांश. असे का होते, हे मला बी.एड.मध्ये कळले नाही. शिवाय आता चार वर्षांचे बी.एड. येणार, जुन्या पदव्यांना किंमत राहणार नाही, असेही ऐकते. मी काय करावे?

— एक शिक्षिका, काटोल

उत्तर : तुमच्या पत्रात पदव्या, परीक्षा आणि नोकरी यांविषयी जेवढे लिहिले आहे, त्यापेक्षा दोन पंचमांशाविषयीच्या चार ओळी मला अधिक महत्त्वाच्या वाटल्या, आणि माझे उत्तर बरेचसे त्यांच्यावरच उभे आहे. मात्र तुमच्या वडिलांचा आक्षेप वजनदार आहे. आयुष्यभर शाळेत काढलेल्या माणसाने तो घेतलेला आहे, म्हणून आधी त्याचा विचार करते.

शाळेतील शिक्षकाची कायम नोकरी मिळवणे एवढाच तुमचा हेतू असेल, तर बाबांचे म्हणणे बरोबर आहे. त्या नोकरीसाठी एम.एड. लागत नाही. सहावी ते आठवीसाठी बी.एड. आणि टीईटीचा दुसरा पेपर ही अर्हता तुमच्याकडे आहे, आणि नववी-दहावीसाठी राज्यात टीईटीची अट नाही. पहिली ते पाचवीचा मार्ग मात्र बी.एड.धारकांसाठी बंद आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यापुढची निवड शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या, म्हणजे आपण सगळे जिला टेट म्हणतो तिच्या, गुणांवर शासनाच्या ‘पवित्र’ या शिक्षक भरती पोर्टलमार्फत होते. दोनशे गुणांच्या आणि दोन तासांच्या या परीक्षेत एम.एड. झालेल्या उमेदवाराला वेगळा गुण मिळत नाही. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. त्या काळातील मानधन जानेवारी २०२३ पासून प्राथमिकसाठी १६ हजार, माध्यमिकसाठी १८ हजार आणि कनिष्ठ महाविद्यालयासाठी २० हजार रुपये आहे.

मात्र बाबांच्या सल्ल्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे परीक्षा वेळेवर होईल. पहिली टेट डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी थेट २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि तिसरी २०२५ च्या मे-जूनमध्ये. पहिल्या दोन परीक्षांच्या मध्ये पाच वर्षांहून अधिक काळ गेला. नागपुरातल्या सदर आणि धंतोली भागांतील अभ्यासिकांमध्ये बसून ज्यांनी ही वर्षे केवळ वाट पाहण्यात घालवली, त्यांच्यापैकी काहींना मी जवळून पाहिले आहे. त्यांची बुद्धी किंवा मेहनत कुठेही कमी नव्हती. परीक्षेची जाहिरात केव्हा निघेल यावर सगळे आयुष्य टांगून ठेवल्यामुळे त्यांचे शिकवणेही सुटले आणि शिकणेही. म्हणून टेट अवश्य द्या, जेव्हा होईल तेव्हा द्या, त्यासाठी रोज तासभर अंकगणित आणि तर्कक्षमतेची उदाहरणे सोडवत राहा. गणितात एम.एस्सी. झालेल्या व्यक्तीला त्याहून अधिक वेळ लागू नये. एम.एड.ला असतानाही हा एक तास काढता येतो, त्यामुळे या दोन गोष्टींतून एकच निवडायची आहे असे समजण्याचे कारण नाही.

आता त्या चार ओळींकडे येते. दोन पंचमांश हे उत्तर लिहिणाऱ्या मुलाने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला, एवढे तुम्ही पाहिलेच आहे. पण त्याच उत्तराकडे पुन्हा पाहा. एक द्वितीयांश म्हणजे अर्धा, आणि दोन पंचमांश अर्ध्याहून कमी. अर्ध्यात काहीतरी मिळवले आणि उत्तर अर्ध्याहून कमी आले, याचे त्या मुलाला आश्चर्य वाटले नाही, आणि खरी अडचण तिथे आहे. त्याच्या लेखी एक द्वितीयांश ही एक संख्या नाहीच, तर वर एक आणि खाली दोन अशा दोन स्वतंत्र पूर्ण संख्या आहेत आणि मध्ये एक रेघ आहे. पूर्ण संख्या कशा मिळवायच्या हे तो पहिलीपासून शिकलेला आहे, तेच त्याने इथे केले. तुम्ही लसाविची रीत पुन्हा शिकवली तेव्हा तो ती तेवढ्यापुरती पाळतो, कारण बाईंनी सांगितले आहे. चाचणीपर्यंत रीत विसरली की तो त्याच्या मूळ समजुतीकडे परत जातो.

याहूनही विचार करण्यासारखी गोष्ट पुढे आहे. एका चाचणीत दोनपैकी एक गुण मिळाला आणि दुसरीत तीनपैकी एक, तर एकूण किती? पाचपैकी दोन. हे उत्तर बरोबर आहे! शाळेतील गुणपत्रिकेवर मूल दर महिन्याला नेमके हेच पाहत असते, आणि तिथे वरचे वर आणि खालचे खाली मिळवणेच योग्य असते. मग गणिताच्या वहीत ते चूक का, हे त्याला कोणी सांगितले आहे का? दुसऱ्या बाजूने, त्याच मुलाला विचारून पाहा, की बुधवारच्या बाजारातून अर्धा किलो कांदे घेतले आणि मग पाव किलो आणखी घेतले, तर पिशवीत किती कांदे झाले? तो क्षणात पाऊण किलो म्हणेल. आणि त्यालाच वहीत एक द्वितीयांश अधिक एक चतुर्थांश करायला सांगितले, तर दोन षष्ठांश लिहील. बाजारातले ज्ञान आणि वहीतली रीत या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात आहेत आणि त्यांची एकमेकींशी ओळख करून दिली गेलेली नाही.

तुमच्या वर्गातील कोणती मुले यातल्या कोणत्या वाटेने दोन पंचमांशापर्यंत पोचली, पाऊण किलो सांगणारे मूल वहीतही बरोबर लिहू लागावे यासाठी कागदाच्या पट्ट्या अधिक उपयोगी की संख्यारेषा, मराठी माध्यमातल्या आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलांत काही फरक दिसतो का, काटोलच्या जिल्हा परिषद शाळेत काय आढळते आणि धरमपेठेतील शाळेत काय, हे सगळे प्रश्न शोधून काढता येण्याजोगे आहेत. एम.एड.च्या चार सत्रांत ज्या लघुप्रबंधाची बहुतेक विद्यार्थ्यांना धास्ती असते, त्याचा विषय तुमच्या हातात आयता आलेला आहे. दरवर्षी ‘अमुक तालुक्यातील शिक्षकांच्या व्यावसायिक समाधानाचा अभ्यास’ अशा साच्यातले विषय पुष्कळ घेतले जातात, कारण प्रश्नावली वाटली, टक्केवारी काढली की काम संपते. तुम्ही तिकडे जाऊ नका. वीस मुलांना एकेकटे समोर बसवून त्यांनी उत्तर कसे काढले हे त्यांच्या तोंडून ऐकणे आणि ते शब्दशः लिहून ठेवणे, हे काम लहान दिसले तरी त्यातून जे हाती लागते ते शिक्षकाच्या कामी येते.

घरी सांगता न येणारे कारण तुम्ही मला पत्रात सांगूनच टाकले आहे. मुले का चुकतात हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे, आणि ते इतर शिक्षकांनाही कळावे असे वाटते. या दोन इच्छा असलेल्या माणसासाठीच हा अभ्यासक्रम आहे. बी.एड. शिक्षक घडवते. एम.एड.मधून शिक्षकांना घडवणारी, अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाचे काम करणारी माणसे तयार व्हावीत अशी अपेक्षा आहे. एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, २०१४ च्या नियमावलीने दोन वर्षांच्या एम.एड.ची जी रचना ठरवली, तिच्या ८० श्रेयांकांपैकी (क्रेडिट) ८ लघुप्रबंधासाठी आणि ८ प्रत्यक्ष क्षेत्रकार्यासाठी राखून ठेवले आहेत. बाकीच्यांत शिक्षणाचे तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र, संशोधन पद्धती, संख्याशास्त्र, अध्यापक शिक्षण आणि प्राथमिक किंवा माध्यमिक स्तराचे विशेषीकरण येते. संख्याशास्त्राला अनेक विद्यार्थी घाबरतात, तुम्हाला ते कारण नाही. तत्त्वज्ञान आणि समाजशास्त्राचे वाचन मात्र गणिताच्या विद्यार्थिनीला सुरुवातीला जड जाईल, आणि तिथे पहिल्या सत्रातच नेटाने बसावे लागेल.

क्षेत्रकार्यात एम.एड.च्या विद्यार्थ्याला अध्यापक महाविद्यालयात जाऊन बी.एड.च्या छात्राध्यापकांचे पाठ पाहावे लागतात. या कामाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण मी स्वतः अनेक वर्षे ते केले आहे आणि त्याचे मोल बाहेरून समजत नाही. तुम्हाला तुमचे सूक्ष्मपाठ आठवत असतील. एनसीईआरटीने रूढ केलेल्या पद्धतीत सहा मिनिटे अध्यापन, सहा मिनिटे प्रत्याभरण (फीडबॅक), बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुनर्अध्यापन आणि सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण असे छत्तीस मिनिटांचे चक्र असते. बहुतेक ठिकाणी त्यातली पहिली सहा मिनिटे तेवढी मनापासून होतात. निरीक्षण वहीत शेरा पडतो, ‘फलकलेखन सुधारावे, आवाज चांगला, प्रश्न अधिक विचारावेत’, आणि तोच शेरा पुढच्या पाठालाही पडतो. आता हे पाहा. छात्राध्यापिकेने वर्गाला विचारले, ‘समजले का?’ सगळी मुले एका सुरात ‘हो’ म्हणाली आणि ती पुढे गेली. निरीक्षकाने त्या क्षणाची वेळ टिपली, तिसऱ्या बाकावरच्या मुलीने वहीत काय लिहिले होते ते उतरवून घेतले, आणि पाठ संपल्यावर ती ओळ छात्राध्यापिकेपुढे ठेवून विचारले, ‘हिला समजले होते असे तुम्हाला कशावरून वाटले?’ या एका प्रश्नाने त्या छात्राध्यापिकेचा पुढचा पाठ बदलतो. असा प्रश्न विचारायला दृष्टी लागते, सराव लागतो, आणि कोणीतरी तुमच्याही निरीक्षणाचे निरीक्षण करावे लागते. बी.एड.मध्ये तुम्हाला दोन पंचमांशाविषयी कोणी सांगितले नाही, कारण तुमचे पाठ पाहणाऱ्यांपैकी कोणी मुलांच्या वह्यांत डोकावून पाहिले नसावे. उद्या तुम्ही त्या जागी बसाल तेव्हा हे चित्र बदलू शकते.

यातूनच सहकारी शिक्षिकेने सुचवलेल्या महाविद्यालयाचे उत्तर मिळते. तिथे जाऊ नका. नियम म्हणून पाहिले तर एम.एड.ला तासिका आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के आणि क्षेत्रकार्याला ९० टक्के हजेरी आवश्यक आहे, आणि न गेलेल्या दिवसांच्या सह्या करून मिळवलेली पदवी ही खोटी कागदपत्रे तयार करण्यातली भागीदारी ठरते. पण नियम बाजूला ठेवले तरी, तुम्हाला जे हवे आहे ते तिथे मिळणारच नाही. पाठ न पाहता, चर्चेत न बसता, मार्गदर्शकाकडून लघुप्रबंधाचा मसुदा चार वेळा परत न येता जी पदवी हाती येते, ती घेतल्यावर सहावीच्या वर्गात तुम्ही आज जिथे आहात तिथेच उभ्या असाल. आणि अशीच पदवी घेतलेले लोक पुढे अध्यापक महाविद्यालयांत शिकवू लागतात, त्यांच्या हाताखाली तयार झालेले शिक्षक काटोलच्या मुलांपुढे उभे राहतात, याची मला फार चिंता वाटते. तुमची सहकारी वाईट हेतूने सांगत नाही, नोकरी टिकावी म्हणूनच सांगते आहे. तिला नम्रपणे नाही म्हणा.

विद्यापीठाच्या विभागाचा फायदा असा, की आवारात इतर विषयांचे विभागही असतात. मुलांच्या संख्याबोधाविषयी वाचताना मानसशास्त्र विभागातील कोणाशी बोलावेसे वाटले, माहितीचे विश्लेषण करताना संख्याशास्त्रातील कोणाची मदत लागली, तर अमरावती मार्गावरील परिसरात ती मिळवता येते. पीएच.डी. करणारे ज्येष्ठ विद्यार्थी शेजारी असतात, आणि संशोधन कसे अडते, कसे सुटते हे त्यांच्याकडे पाहूनच शिकता येते. शिवाय नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया या चारही जिल्ह्यांतून येणारे सहाध्यायी असतील, तर कोणी धान पट्ट्यातल्या शाळेचे सांगेल, कोणी खाणीच्या परिसरातल्या. सेवाग्राम तर जवळच आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमची, म्हणजे हातांनी काम करत शिकण्याच्या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीची, मांडणी झाली, झाकीर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला, हे तुम्ही बी.एड.ला पाच गुणांच्या टिपेसाठी पाठ केले असेल. या वेळी सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत जाऊन मुले शेतात आणि स्वयंपाकघरात काम करताना मोजमाप कसे शिकतात ते पाहा. तुमच्या अपूर्णांकांशी त्याचा थेट संबंध आहे.

चार वर्षांच्या बी.एड.विषयी तुम्ही ऐकलेल्या गोष्टीत अर्धेच तथ्य आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत चार वर्षांचे एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पदवी व्हायची आहे, आणि २०२३-२४ पासून काही संस्थांमध्ये ते सुरूही झाले आहे. पण त्याच धोरणात पदवीधरांसाठी दोन वर्षांच्या आणि चार वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाच्या बी.एड.ची तरतूद आहे. तुमचे बी.एड. मान्यताप्राप्त संस्थेचे आहे, ते रद्द होणार नाही. धोरणातली दुसरी गोष्ट तुमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. अध्यापक शिक्षण हे एकेकट्या महाविद्यालयांतून काढून बहुविद्याशाखीय महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत न्यायचे आहे. तिथे गणित आणि शिक्षणशास्त्र दोन्ही उत्तम जाणणारे अध्यापक लागतील. विषयातील पदव्युत्तर पदवी आणि एम.एड., दोन्हींत किमान ५५ टक्के, आणि त्यावर नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, अशी अर्हता आज सहायक प्राध्यापकासाठी आहे. एम.एस्सी.चे गुण तपासून घ्या, आणि दुसऱ्या वर्षाला असतानाच शिक्षणशास्त्रातून सेटची तयारी सुरू करा. नोकरीची हमी मी देणार नाही, पदे कमी निघतात आणि विनाअनुदानित महाविद्यालयांतले वेतन अनेकदा समाधानकारक नसते. हे बाबांना स्पष्ट सांगा, त्यांच्यापासून झाकून ठेवू नका. आजही तुम्ही खासगी शाळेतच आहात, कायम नोकरीवर पाणी सोडत नाही आहात, हेही त्यांना सांगा. दोन वर्षांनी गणिताच्या शिक्षिकेला नागपुरात पुन्हा शाळा मिळेल.

पैशांचे मात्र आधी बसून ठरवा. दोन वर्षांचा पगार जाणार आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असेल आणि तुम्ही आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास किंवा इतर मागास प्रवर्गात असाल, तर शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. ती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशालाच लागू होते, संस्थास्तरावरच्या किंवा व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला नाही. विभागाच्या कार्यालयात जाऊन तुमच्या प्रवेशाला ती कशी लागू होते हे विचारा आणि शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज मुदतीत भरा. काटोलहून एसटीने रोज येणे-जाणे करण्याचा विचार करू नका. हजेरी सांभाळली जाईल, पण ग्रंथालयात संध्याकाळी बसता येणार नाही. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबरच द्या. लघुप्रबंध मराठीत लिहायचा असेल तर तेही त्याच वेळी विचारून घ्या.

शाळा सोडण्यापूर्वी मुख्याध्यापिकांना नियमाप्रमाणे पूर्वसूचना द्या आणि अनुभवाचे प्रमाणपत्र घ्या. चाचणीच्या उत्तरपत्रिका शाळेच्या आहेत, त्यामुळे दोन पंचमांशाच्या त्या पानांच्या छायाप्रती त्यांच्या परवानगीने आणि मुलांची नावे झाकून काढा. मार्गदर्शक ठरवण्याच्या पहिल्या भेटीत विषयाचे शीर्षक सांगण्याऐवजी ती पानेच समोर ठेवा. उत्पन्नाचा दाखला आणि लागू असल्यास नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र यांसाठी सेतू केंद्रात याच आठवड्यात अर्ज करा. प्रवेशाच्या दिवसांत तिथे गर्दी होते आणि दाखल्यावाचून शुल्क सवलत अडते.